थांबले की विसरले

टॅक्सीला मागून धक्का बसला तो इतका किरकोळ, की त्याला धक्का म्हणायचीही लाज वाटावी. सिग्नलला गाडी उभी होती, मागच्या गाडीवाल्याचा पाय ब्रेकवरून सटकला, झालं. टॅक्सीवाला उतरला, बंपरवरून हात फिरवला, मागच्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि परत येऊन म्हणाला, "काही नाही झालं, बाई." तिलाही काही झालं नव्हतं. मान एकदा पुढे गेली होती, एकदा मागे, कुणी वडीलधाऱ्याने दरडावून "कळलं का?" म्हणावं आणि आपण न कळताच होकार द्यावा तशी. ती तालमीला गेली, संध्याकाळभर विंगेत बसली, घरी येऊन जेवली, झोपली. सकाळी उशीवरून डोकं उचलायला गेली तर डोकं जणू दुसऱ्याच कुणाचं, आणि तेही भलत्याच वजनदार माणसाचं. नवऱ्याला हाक मारायची म्हटलं तर त्याच्याकडे वळून बघता येईना, म्हणून तिने छताकडे बघूनच त्याला हाक मारली.

डॉक्टरांनी फोटो काढले. फोटोत काही नव्हतं. "हाडं शाबूत आहेत, मानेला हिसका बसलाय," ते म्हणाले, आणि गळ्याभोवती पट्टा बांधून हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली. गोळ्यांनी स्नायू सैल पडतील, थोडी झोप येईल, एवढंच. नवरा मुळात थट्टेखोर. परतताना म्हणाला, "चला, या घरात कुणाची तरी मान ताठ झाली." ती हसली. हसल्यावर दुखलं, म्हणून हसणं अर्ध्यातच ठेवून दिलं. तेव्हापासून सगळंच अर्ध्यात राहायला लागलं. चहाचं आधण ठेवून ती कशासाठी उभी आहे ते विसरायची. जिन्यावर शेजारीण काही सांगायला लागली की पहिलं वाक्य ऐकू यायचं, शेवटचं ऐकू यायचं, मधली बाई नुसती ओठ हलवायची. गंमत म्हणजे हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. पट्टा दिसत होता सगळ्यांना, आणि पट्टा दिसला की माणसं मानेचीच चौकशी करतात.

ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, एका उंच स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, संहितेवर हाताएवढा दिवा, आणि नटाला वाक्य आठवलं नाही की ते हलकेच त्याच्याकडे सोडायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये, नटाला कळलंच पाहिजे. मंडळीत तिचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे तिला कुजबुजेबाई म्हणत. हे आडनाव तिला थोरल्यांनी दिलं होतं. थोरले म्हणजे कंपनीचे जुने नट, वयाने आणि मानाने सगळ्यांच्या वरचे, म्हणून थोरले. थोरल्यांची ख्याती त्यांच्या थांबण्याची होती. दुसरे नट बोलून टाळ्या घ्यायचे, हे गप्प राहून घ्यायचे. ऐन रंगात आलेल्या वाक्याच्या मध्ये ते असे थांबत, की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खोकला गिळून बसे. नव्या पोरांना वाटे, आपणही थांबावं. ती पोरं थांबली की मागून आवाज यायचा, "वाक्य विसरला वाटतं."

आणि गेली काही वर्षं थोरले खरोखरच विसरत होते. थांबण्यात विसरणं इतकं बेमालूम मिसळलं होतं, की ते वेगळं काढणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती स्टुलावर बसलेली होती. तिला ते अंगठ्यावरून कळायचं. थोरले मुद्दाम थांबलेले असले की त्यांचा अंगठा शेजारच्या बोटावरून हळूहळू फिरत राही. विसरले की अंगठा थांबे आणि अंगभर एक प्रकारचा सभ्यपणा येई, परक्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा. मग ती वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायची. सोडायचे कसले, ठेवायचे, तापल्या दुधाचं भांडं ओट्यावर ठेवतात तसे. थोरले ते उचलत आणि टाळी पडे. प्रयोगानंतर जाताना ते कधी आभार मानत नसत. विंगेशी थांबून एवढंच विचारत, "उद्या आहात ना?" ती मान हलवायची. दोघांमधला सगळा व्यवहार एवढाच होता, आणि तो तिला पुरेसा होता. खरं तर त्याच्याखेरीज तिच्याजवळ आपलं म्हणावं असं फारसं नव्हतंच.

कारण तिच्यापाशी गुण एकच होता आणि तो म्हणजे लक्ष. बहीण गायची, भाऊ हुशार होता, हिचं लक्ष असायचं. आई दूध तापत ठेवून हिला सांगून खुशाल बाहेर जायची. ही भांड्यासमोर उभी राहायची, आणि दूध वर यायच्या आधी कडेला जी बारीक सुरकुती पडते ती पडली की गॅस बंद. तिच्या देखत दूध कधी उतू गेलं नाही. पुढे वडील आजारी पडले. त्यांचा श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायची. तिने कुणाकडे बघितलं नाही, ती फक्त वडिलांकडे बघत राहिली. एका थांबण्यात ती आईला म्हणाली, "आई, आता ये जवळ." आई आली आणि तो श्वास पुन्हा सुरू झाला नाही. बहीण नंतर म्हणाली, "तुला कसं गं कळलं? मला तर भीतीच वाटली तुझी." तिला स्वतःला भीती वाटली नव्हती. तिला वाटलं होतं, कुणीतरी नीट बघायला हवंच होतं. माणसं देतात म्हणे लक्ष, घालतात, ठेवतात, लावतात, जणू काही ती खिशातली चीजवस्तू आहे. तिला तसं कधी वाटलं नव्हतं. लक्ष म्हणजे तीच, बाकीचं अंग फक्त ते घेऊन हिंडायला.

आता पट्टा घालून विंगेत बसली तर पहिल्याच दिवशी कळलं, की मांडीवर बघता येत नाही. हनुवटी पट्ट्यावर टेकते आणि संहिता तिच्या खाली नजरेआड राहते. नवऱ्याने मोठ्या हौसेने एक उभा लाकडी स्टँड करून आणला, त्यावर संहिता डोळ्यांसमोर येई. पण डोळ्यांसमोर संहिता आली की तिच्या मागचा रंगमंच गेला. कडेने बघायचं म्हणजे कमरेपासून सगळं धड वळवायचं, आणि तेवढ्यात ओळ सुटायची. म्हणजे एक तर वाक्य दिसणार, नाही तर अंगठा. आजवर ती मान खाली-वर करत दोन्ही बघत होती आणि आपण मान हलवतो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. गोळी घेतली की झोप शेजारी स्टूल ओढून बसायची, नाही घेतली की दुखणं बसायचं. दोघांपैकी कोणतं बरं हे ठरवण्यात एक पान उलटायचं राहून जायचं. थोरल्यांनी पट्टा बघितला आणि म्हणाले, "हे काय, आम्हाला मान द्यायचा तर एवढा बंदोबस्त?" सगळे हसले. नंतर सगळे चहाकडे वळल्यावर ते तिच्याजवळ आले आणि स्टँडकडे बघत राहिले. "तुम्हाला मी दिसतो का इथून?" त्यांनी विचारलं. "दिसता की," ती म्हणाली. तिने थोरल्यांना दिलेलं पहिलं खोटं वाक्य तेच.

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता. तो तिच्याहून वयाने लहान, सगळं नीट चालावं असं वाटणारा. तिला म्हणाला, "बाई, तुम्ही थोडे दिवस घरी विश्रांती का घेत नाही? आता सगळीकडे कानातच यंत्र घालतात. मागून कुणीही वाचतं. तुमचेही हाल नकोत." तिने "बघते" म्हटलं. थोरल्यांना हे कळल्याशिवाय राहणार नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ते कपडेपटाच्या दारात तिला म्हणाले, "कानात घातलं ना, की वाचणाऱ्याला पहिल्याच अंकात कळेल मला किती लागतं ते. दुसऱ्या अंकापर्यंत कंपनीला कळेल. मग मला हार घालतील. हार घातला की माणूस घरी." जरा थांबून म्हणाले, "घरी मी काय करू? सकाळी वर्तमानपत्र, आणि मग?" त्यांचा अंगठा बोटावरून फिरत होता, म्हणजे ते विसरले नव्हते, पुढचं बोलायचं नव्हतं इतकंच. ती म्हणाली, "मी आहे." बोलून गेली आणि तिला वाटलं, दार कुणी बाहेरून लावून घेतलं.

फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती, हात गरम आणि बोलणं मोकळं. तिने पट्टा काढून टेबलावर ठेवला तशी हिला आपलं डोकं हातात धरावंसं वाटलं. "पट्टा अजून दिवसभर घालता?" मुलगी म्हणाली. "तो चार दिवसांचा पाहुणा हो. तुम्ही घरजावई करून घेतलात."

"काढला की मान पडेल असं वाटतं."

"मान पडत नाही. वाटतं ते भीतीने. घालून ठेवलात तर स्नायू मात्र खरंच काम विसरतील." मग तिने मानेच्या मुळाशी बोटं टेकवून विचारलं, "आणि कामात लक्ष?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. काय झालं कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. मुलीने ते बघितलं नाहीसं केलं. म्हणाली, "मला पुष्कळ जण सांगतात. वाचलेलं राहत नाही, बोलता बोलता तुटतं. डोक्याला काही झालेलं नसतं. दुखणाऱ्या मानेवर पहारा ठेवायला लागतो ना सारखा, त्यात माणूस निम्मा खर्च होतो. वर गोळ्या, वर झोपेचं खोबरं. येईल परत."

"कधी?"

"प्रत्येकाचं वेगळं. पण काळजी करून लवकर येत नाही, एवढं नक्की." तिने भिंतीवर एक ठिपका दाखवला, त्याच्याकडे बघत हळूहळू मान फिरवायला लावली. एवढासा ठिपका. ठिपका जागचा हलत नव्हता, डोळे हलत होते, आणि मध्येच केव्हातरी ठिपक्याच्या जागी नुसती भिंत असायची. तिला वाटलं, हे असंच प्रयोगात होतं. "काम थोडे दिवस सोडता येणार नाही का?" मुलीने विचारलं. तिने नाही म्हणायला मान हलवायला घेतली आणि मुलगी पटकन म्हणाली, "तोंडाने सांगा."

रविवारी दुपारचा प्रयोग होता. नाटकात थोरले एका लॉजचे मालक. बायको गेलेली, सगळा कारभार धाकट्या मुलीवर, आणि मुलीला बाहेरचं जग हवं आहे. पहिल्या अंकात मुलगी म्हणते, मी जाते. बाप म्हणतो, "जा की. दार उघडंच आहे." थांबतो. "पण किल्ल्या ठेवून जा." ती किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आदळते, तो एकेक खोलीची किल्ली तपासत बसतो, भांडण पेटतं, आणि मुलगी राहते. शेवटच्या प्रवेशात मुलगी पुन्हा म्हणते, मी जाते. बाप पुन्हा तेच म्हणतो, "जा की. दार उघडंच आहे." पुन्हा थांबतो. मग म्हणतो, "पण जाताना मागे बघू नकोस." ती जाते, पडदा. नाटक सगळं या दोन थांबण्यांवर तोललेलं होतं. त्या दुपारी तिने गोळी घेतली नव्हती. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात दुखणं खांद्यातून कानामागे चढलं आणि तिथे बिऱ्हाड करून राहिलं. ती ओळीवर बोट ठेवून होती. बोट ओळीवर होतं, ती बोटावर होती, बोटाचं नख वाढलं होतं, ते कापायला हवं, कात्री नवऱ्याने कुठे ठेवली असेल, त्याला दहादा सांगितलं की जागच्या जागी ठेव, आणि मग एकदम तिला शांतता ऐकू आली.

रंगमंचावर कुणी बोलत नव्हतं. ही शांतता केव्हापासूनची होती ते तिला ठाऊक नव्हतं. बोटाखाली ओळ होती पण ती आत्ताची की मघाची? तिने धड वळवलं. स्टँडच्या कडेने थोरल्यांचा खांदा दिसला, बाही दिसली, हात लॉजच्या टेबलाआड होता. थांबले की विसरले? कानात अजून "दार उघडंच आहे" एवढं रेंगाळत होतं. शांतता लांबत चालली, प्रेक्षागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि तिच्यातून शब्द निघून गेले, नेहमीसारखे हलके, नेहमीसारखे स्पष्ट. "पण किल्ल्या..." सुटल्यासुटल्या तिला कळलं. हाताला जे लागलं ते तिने पुढे केलं होतं. शब्द मागे घ्यायची सोय तिच्या धंद्यात नाही.

थोरल्यांचा खांदा किंचित हलला. "पण किल्ल्या ठेवून जा," ते म्हणाले, आणि काय म्हणाले. पहिल्या अंकाहून चांगलं. समोर मुलगी उभी, हातात बॅग, किल्ल्या कुठल्या असणार? त्या पहिल्या अंकापासून मागच्या खिळ्यावर टांगलेल्या. थोरले मात्र सुटले होते. "सगळ्या खोल्यांच्या. वरच्या मजल्याच्याही. मला मोजून घेऊ दे." वाक्यामागून वाक्य येत होतं, जुनं, मुरलेलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही, आणि नाटक मागे मागे चाललं होतं, आता भांडण होणार, आता मुलगी राहणार, आता सगळा दुसरा अंक पुन्हा. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिने पट्टा ओरबाडून काढला, मान वाकवली, पानं उलटली. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. खरं वाक्य तिला तोंडपाठ होतं, ते ती म्हणालीही, एकदा, दोनदा, पण वाहत्या माणसाला कुजबूज ऐकू येत नाही, आणि त्याहून मोठ्याने बोलायचं म्हणजे भर प्रेक्षागृहात त्यांची लाज काढायची. ती तोंड उघडं ठेवून बसून राहिली.

मुलीचं काम करणारी नटी धीराची निघाली. तिने बॅग खाली ठेवली नाही. एक पाऊल पुढे येऊन म्हणाली, "किल्ल्या मी केव्हाच ठेवल्यात, बाबा. तुम्ही विसरलात." थोरले उभे राहिले. मग कुणी काही न सुचवता, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "पण जाताना मागे बघू नकोस." मुलगी गेली. पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण जरा चाचपडत, लोक एकमेकांना विचारत असल्यासारख्या.

ती विंगेतून बाहेर आली तेव्हा मान उघडी होती आणि पट्टा हातात होता. कपडेपटाबाहेरच्या बाकावर थोरले बसले होते, अर्धा रंग पुसलेला, अर्धा तोंडावर. दिग्दर्शकाच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत बोलणं चाललं होतं.

"सांगून टाकलं," थोरले म्हणाले.

"काय?"

"विसरलो म्हणून. आजचंच नाही, सगळं. आता नवा माणूस बघताहेत."

"चुकीचं वाक्य मी दिलं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे." ते टॉवेलने कपाळ पुसत राहिले. "मला येत होतं वाक्य. जिभेवर होतं. मी नुसता थांबलो होतो. आज बऱ्याच दिवसांनी असा थांबलो, की मलाच बरं वाटत होतं. तेवढ्यात तुमचा आवाज आला. म्हटलं, बाई चुकायच्या नाहीत. म्हणजे मीच चुकत असणार."

ती म्हणाली, "तर मग विसरलो असं का सांगितलंत?"

"दुसरं काय सांगू? विसरणं परवडलं हो. आपलं बरोबर असून आपल्याला खरं वाटत नाही, याला काय म्हणतात मला माहीत नाही." त्यांनी टॉवेलची घडी केली, ती नीट जमली नाही, म्हणून मोडून पुन्हा केली. "तुम्ही मान सांभाळा," ते म्हणाले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

ती दार ढकलून आत गेली. दिग्दर्शक आणि व्यवस्थापक दोघे होते, टेबलावर थंड झालेला चहा. "ते विसरले नव्हते," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मी विसरवलं त्यांना. ते थांबले होते. माझं लक्ष नव्हतं. मी मधेच पहिल्या अंकातलं वाक्य दिलं." ती आयुष्यात एवढं सलग स्वतःचं कधी बोलली नव्हती.

दिग्दर्शकाने खुर्ची पुढे केली. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "बाई, बसा आधी. आम्ही काय आंधळे आहोत? इतकी वर्षं तुम्ही त्यांना सांभाळून घेताय, हे कंपनीत कुणाला माहीत नाही? आजही याल आणि अंगावर घ्याल, हे मी आत्ताच यांना म्हटलं."

"पण आज ते खरंच..."

"बरं," तो म्हणाला, हट्टी मुलाला म्हणतात तसं. व्यवस्थापक हळहळून तिच्या मानेकडे बघत होता. "तुम्ही पट्टा घाला बघू. किती सुजलीय."

तिने पुन्हा सुरुवात केली. त्यांचा हात टेबलामागे होता, म्हणाली, म्हणून मला अंगठा दिसला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अंगठ्याचं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगताना ते तिलाच थाप वाटत होतं. तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली. ते थांबले होते, ती म्हणाली, विसरले नव्हते, कारण... कानामागचं दुखणं एकदम वर आलं, चहाच्या कपात साय धरली होती, सायीला एक बारीक सुरकुती पडली होती, आणि आपण काय सांगत होतो ते तिच्या हातून सुटलं. ती गप्प उभी राहिली. ते दोघे वाट बघत होते, अगदी सभ्यपणे, आणि खोलीत पुढचा शब्द देणारं कुणी नव्हतं.